मळवलीची बरणी

मळवलीच्या फलाटावर करवंदं विकणाऱ्या बाईला "मावशी, तुमच्याकडे उंट आहे का हो?" असं गंभीर चेहऱ्यानं विचारणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीच्या वाट्याला आला. हिचे काका. तळेगावात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले, काळा कोट, काळी टोपी, आणि वाद घालायची हौस इतकी की समोर कुणी नसलं तर आरशाशी घालत. अख्खा मावळ त्यांना वेडा समजे. काकांना त्याचं काही वाटत नसे, उलट मावळ आपल्याला ओळखतो याचा आनंदच होई.

त्यांना उंट नको होता. त्यांना नकार हवा होता. पुण्याचा माणूस 'नाही' म्हणतो, मावळातला 'न्हाई'. पण कुठल्या गावात शंभरातली किती तोंडं काय म्हणतात, आणि आजी 'न्हाई' म्हणत असेल तर नात काय म्हणते, हे कुणीच मोजलेलं नाही, या विचारानं त्यांची झोप उडाली होती. "पंडित नुसते सांगतात. मोजतं कोण?" असं ते मलाच दरडावून विचारत. साधा प्रश्न केला तर लोक त्यांचा कोट बघून जीभ सरळ करत आणि पाहुण्याला ठेवणीतला कप द्यावा तसं शाळेतलं 'नाही' काढून देत. म्हणून उंट. उंट अचानक पुढे आला की माणूस भांबावतो आणि भांबावलेला माणूस खरं बोलतो, हा काकांचा सिद्धांत. डाव्या खिशात चिंचोके, उजव्यात वाल. 'न्हाई' आलं की चिंचोका, 'नाही' आलं की वाल, गळ्यातल्या पिशवीत. घरी येऊन ते त्या त्या गावाच्या बरणीत ओतायचे. गावाला दोन बरण्या, एक म्हाताऱ्यांची, एक तरण्यांची. खिडकीत ओळीनं मांडल्या की तळेगाव पांढुरकं दिसे, मळवली जवळजवळ काळी, आणि बंगलेवाल्यांच्या सहवासानं लोणावळा सगळा मिसळलेला. तरण्यांची बरणी मात्र सगळीकडे जरा उजळ. भाषा कुठे चालली आहे ते घरबसल्या दिसतं, असं काका म्हणत.

"घरात वाल आहेत, पण उसळीला नाहीत," ही काकूंची कायमची तक्रार. एकदा त्यांनी वैतागून कान्हे गावच्या बरणीतले वाल भिजत घातले. काकांनी उसळ चवीनं खाल्ली आणि मग त्यांना कळलं. अंदाजानं तेवढे वाल परत टाका, असं मी सुचवलं, तर माझ्यावरच कडाडले, "अंदाजच करायचा असता तर घरी बसलो असतो!" आणि कोट चढवून पुन्हा कान्ह्याला गेले. त्यांना निरुत्तर केलं ते फक्त त्या करवंदवाल्या मावशीनं. दुसऱ्यांदा, मी बरोबर असताना, उंट विचारल्यावर ती म्हणाली, "हाय की! गोठ्यात बांदलाय. बगाय येता?" या उत्तरासाठी काकांकडे खिसाच नव्हता.

एवढ्या खटाटोपामागे त्यांची एकच इच्छा होती. पुण्यातल्या विद्वानांच्या सभेत आपला निबंध वाचला जावा आणि सभेच्या संग्रहात छापला जावा. बोलावणं आलं तेव्हा आम्ही दोघे गाडीनं गेलो, बरण्या मांडीवर घेऊन. निबंध ऐकून अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, श्रम मोठे आहेत. पण अडाण्यांच्या चुका मोजून भाषा कळत नसते. शिकलेल्यांचे तेवढे ठेवा, बाकीचे काढून टाका. निबंध खुशाल छापू."

सभेत कुणीतरी हसलं. काका उठले. "मळवलीच्या करवंदवाल्या बाईच्या नावानं चिंचोका टाकला तेव्हा मी तिची शाळा विचारली नव्हती. ती बोलली, एवढं मला पुरे होतं. यातला एकही दाणा मी काढणार नाही. तुम्हाला शिकलेलेच हवे असतील तर बरणीवर मावळ लिहू नका, तुमचा दिवाणखाना लिहा!"

निबंध कधीच छापला गेला नाही. परतताना ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मला त्यांचा अभिमान वाटला तितकंच फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी उंट विचारायला वडगावला रवाना.

पुढे एका थंडीत काका गेले. उन्हाळ्यात लोणावळ्याला जाताना मळवलीला गाडी थांबली, आणि करवंदांची पाटी घेऊन तीच मावशी खिडकीशी आली. "उंटवालं मास्तर दिसलं न्हाईत लय दिवसांत. नातीला बी इच्यारतो म्हनालं हुतं. कवा येनार?"

मी पुण्यात जन्मलेला, पोरांचे उच्चार सुधारणारा माणूस. पण भांबावलो आणि तोंडून निघालं, "न्हाई येणार, मावशी." तिनं करवंदांचा द्रोण माझ्या हातात ठेवला.

परतताना तळेगावला उतरलो आणि काकूंकडे एक चिंचोका मागितला. मळवलीला काय झालं ते सांगितलं, तेव्हा माझ्या पिकलेल्या केसांकडे एकदा बघून त्यांनी मळवलीची म्हाताऱ्यांची बरणी पुढे केली. मी पुण्याचा, माझा चिंचोका त्या बरणीत चालणार नाही, म्हणून काकांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तरी मी तो टाकला.