चंद्रीचा दमा

चहा घ्या, पण घोट गिळून झाल्यावरच ऐका. कपडे खराब झाले तर मला बोल लावू नका! अशी फजिती माझी मीच करून घेतली, अन् तीही अख्ख्या पालकसभेसमोर.

मी देऊळघाटला बालवाडीत शिकवते. सोबत उज्ज्वला मॅडम. माझ्याहून लहान, पण डोकं काय चालतं त्या बाईचं! आम्ही मोबाईल वापरणार तो फोटो काढायला. तिनं काय केलं? गावभर फिरून आवाज गोळा केले. कोणाची शेळी, कोणाचा कोंबडा, कोणाच्या दारचा हापसा. मग वर्गात छोट्या स्पीकरवर लावून विचारायची, "सांगा, हे कोण बोलून राह्यलं?"

वेदू नावाची एक पोरगी होती. बालवाडीत आल्यापासून तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी स्पीकरवर शेळी ओरडली अन् वेदू ताडकन उभी राहिली!

"माही काळी हाये ते!"

मग काळी काय खाते, कोणाले शिंग मारते, सारं धडाधडा सांगत सुटली. उज्ज्वला मॅडमच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

तेव्हाच ठरवलं, मंदा, हे तुलेही जमलं पाहिजे.

रविवारी दुपारी जेवण झालं. आमची खोली गोठ्याला लागूनच. खिडकीत मोबाईल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं अन् आमची म्हैस, चंद्री, हंबरायची वाट पाहत जराशी आडवी झाले. जराशीच हं! जाग आली तेव्हा ऊन कलून गेलेलं. मोबाईल लावून पाहते तर काय, दणदणीत आवाज! चंद्रीनं काय मनावर घेतलं होतं! मी खूश. तेवढा तुकडा कापून ठेवला. कापायचं कसं, हेही उज्ज्वला मॅडमनंच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी पालकसभा. मी ऐटीत स्पीकर लावला.

"सांगा बरं, हे कोण?"

घर्रर्र... फुस्स्... घर्रर्र!

"टॅक्टर!" एक पोरगं ओरडलं.

"डुक्कर!" दुसरं.

"नाही रे, आमची चंद्री म्हैस!"

मागं बसलेले रामभाऊ, वेदूचे आजोबा, उठून उभे राहिले. "मॅडम, पुन्हा लावा बरं."

लावलं.

"अवं, दमा झाला म्हशीले! श्वास अटकून राह्यला तिचा. अन् तुम्ही इथं काऊन बसल्या?"

सकाळी दूध काढलं तिचं, मला कसं कळलं नाही? रामभाऊंनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पुढं मी रडकुंडीला आलेली, मागं रामभाऊ, त्यांच्यामागं अर्धी पालकसभा, अन् काखेत स्पीकर घेऊन उज्ज्वला मॅडम. आमच्या लग्नाच्या वरातीतही एवढी माणसं नव्हती!

डॉक्टर आले. छातीला नळी लावली, ताप पाहिला, जीभ पाहिली. चंद्री मजेत कडबा चघळत होती.

"ठणठणीत आहे म्हैस. कसला आवाज म्हणता?"

उज्ज्वला मॅडमनं स्पीकर लावला. मोठ्ठ्यानं.

घर्रर्र... फुस्स्... घर्रर्र!

तेवढ्यात घरातून आमच्या ह्यांचा आवाज आला. "मंदे, ऊठ वं! दारात एवढे लोक आले, अन् तू खुशाल घोरून राह्यली?"

रामभाऊ चंद्रीकडं पाहून राह्यले, मग माझ्याकडं, मग पुन्हा चंद्रीकडं.

डॉक्टरांनी नळी गुंडाळली. "ताई, माझ्याकडं फक्त जनावरांची औषधं असतात."

मग जो हशा उठला म्हणता! रामभाऊ तर दावणीला धरूनच खाली बसले. वाटलं, कडब्याच्या गंजीत शिरावं.

एकटी उज्ज्वला मॅडम हसली नाही. गुणाची बाई! जवळ आली, पाठीवर हात ठेवला अन् म्हणाली, "मंदाताई, पहिल्याच खेपेला इतकं साफ रेकॉर्डिंग मलेही जमलं नव्हतं. फक्त म्हैस बदलली."