लंडनचं घड्याळ

आमच्या डोंबिवलीच्या घरातलं घड्याळ पहिल्यापासून दहा मिनिटं पुढे असतं. उशीर होऊ नये म्हणून बाबांनी ते तसं लावलंय, आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे व्हायचा तो उशीर होतोच. धाकटा भाऊ लंडनला गेला तेव्हा बाबांनी या घड्याळाच्या शेजारी दुसरं टांगलं, लंडनच्या वेळेचं. तेही दहा मिनिटं पुढे. मी हसले तर म्हणाले, "घर एकच आहे ना? मग शिस्तही एकच."

तिथले लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतात. बाबांना हा शुद्ध चावटपणा वाटतो. "सूर्य काय यांच्या पगारावर आहे?" ऑक्टोबरात या तासावरून भावाची आणि त्यांची चांगलीच जुंपली होती, आणि अखेर बाबांना काटा मागे घ्यावा लागला होता. तेव्हापासून तो विषय घरात कुणी काढत नसे.

आणि नेमकं मार्चच्या त्याच रविवारी भावाच्या मुलीचं बारसं ठरलं, तिथल्या दुपारी बारा वाजता. नाव सरकारदरबारी नोंदवून झालं होतं, पण आत्याने कानात सांगितल्याशिवाय ते लागत नाही, असं आई म्हणते. आत्या मी. व्हिसाचं जमलं नाही, म्हणून फोनवरून सांगायचं ठरलं. मला स्वतःला मूल नाही. हा एक मान मला हवा होता, अगदी हट्टाने हवा होता, आणि तो त्या एका तासापायी हुकेल या धास्तीने आठवडाभर मला धड झोप नव्हती.

रविवारी ठाण्याला बाळकुमच्या माझ्या घरून निघून, शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रखडून मी माहेरी पोचले. बाबा आंघोळीला गेले होते. मी स्टुलावर चढले आणि लंडन तासभर पुढे केलं. बाबा विसरले असणार याची मला खात्री होती, आणि आठवण केली असती तर ते रागावले असते. मी कुणाला काही बोलले नाही.

बाबांनी तो काटा सकाळी उठल्या उठल्याच पुढे केला होता. हार मानल्यासारखं दिसू नये म्हणून गुपचूप. आणि आईने मी भाजी निवडत असताना, कारण भावाने तिला बजावलं होतं, "आई, त्या दोघांच्या भरवशावर राहू नकोस." खरी वेळ फोनमध्ये दिसत होतीच, पण भिंतीवर घड्याळ असताना फोनमध्ये बघणं म्हणजे बाबांवर अविश्वास.

जेवणं उरकतायत तोच आई ओरडली, "अगं, तिथे बारा वाजले की!" मी उष्ट्या हातानेच फोन लावला. भावजयीने उचलला. तिच्या केसांना टॉवेल, खांद्यावर नुसत्या लंगोटातलं बाळ.

"ताई, अहो आत्ता..."

"बोलू नकोस, वेळ टळेल. फोन तिच्या कानाला लाव!"

ती इतकी गोंधळली की तिने खरंच लावला. मी कुर्रर्र करून नाव सांगितलं. आईने रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटा घातला, बाबांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडून बाळाची एक उचकी ऐकू आली.

मग भावजय म्हणाली, "ताई, इथे दहाला दहा कमी आहेत. पाळणा अजून खोक्यात आहे. हा आंघोळीला गेलाय."

आम्ही तिघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. मग एकेकाने कबुली दिली.

आपल्या साडेचारला, म्हणजे खऱ्या वेळेला, आम्ही पुन्हा नटून बसलो. तिकडे पाहुणे जमले, पाळणा सजला, भाऊ "हं, ताई" म्हणाला आणि इकडे लाइट गेली. वायफाय गेलं. मोबाइलची रेंज आमच्या घरात फक्त बाथरूमच्या खिडकीपाशी येते. पैठणी सावरत मी तिथे पोचेपर्यंत भावाच्या शेजारच्या पंजाबी बाईंनी नाव सांगून टाकलं होतं. मी उपड्या बादलीवर बसून रडले.

थोड्या वेळाने भावजयीचा मेसेज आला. "ताई, त्यांनी सांगितलं तेव्हा ती झोपली होती. तुमच्या वेळेला टक्क जागी होती."

बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "बघ," ते म्हणाले, "म्हणून घड्याळ पुढे ठेवावं."

पुढे ऑक्टोबर आला, तिथला तास मागे गेला. आमचं लंडन आता तीन तास दहा मिनिटं पुढे आहे. मी कुणाला हात लावू देत नाही.