डिकीकडे जाणारी वायर

"माझ्या हातची वायर गाडीत कुठनं जाती, ते मी कधी बघितलंच न्हाई," असं कुसुमताई एकदा म्हणाल्या होत्या.

तेव्हा त्या बहिणीच्या मुलाच्या, म्हणजे धम्मपालच्या गाडीत मागच्या सीटवर बसल्या होत्या. गाडी त्याने नुकतीच घेतलेली, दुसऱ्याने वापरून सोडलेली. कुसुमताई छताच्या कापडावरून बोटं फिरवत होत्या, झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावीत तशी. धम्मपालने आरशातून ते पाहिलं. मावशीला कापड आवडलं असेल, असं त्याला वाटलं. त्या कापडाखाली काहीतरी चाचपत होत्या, हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं.

कुसुमताईंचं माहेर खेड तालुक्यातलं, सासर कासारवाडीचं. नवरा लवकर गेला, आणि त्या चाकणच्या एका कंपनीत लागल्या. तिथे गाड्यांचं वायरिंग तयार व्हायचं. गाडीच्या अंगात ज्या वायरी असतात त्या गाडीत बसून कुणी जोडत नाही. त्या आधी बाहेर, एका तिरक्या फळीवर तयार होतात. फळीवर नकाशा चिकटवलेला, नकाशावर खुंट्या. बाया रांगेने उभ्या राहून खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढतात, गठ्ठे बांधतात, टेप गुंडाळतात, आणि शेवटी फळीवर आडवं पडलेलं एक झाड तयार होतं. त्याच्या फांदीफांदीच्या टोकाला पुढे कधीतरी एक दिवा लागणार असतो. ते झाड खोक्यात जातं, खोकं दुसऱ्या कंपनीत जातं. बाया तिथेच राहतात.

कुसुमताईंकडे त्या झाडाची शेवटची फांदी होती. डिकीच्या झाकणात शिरून नंबर प्लेटच्या दिव्यापर्यंत जाणारी. बाया तिला शेपूट म्हणायच्या. अख्खी नोकरी कुसुमताईंनी शेपटीवर काढली. त्यांची टेप घट्ट, एक सुरकुती नाही. वायर हातात घेतली तर काठी वाटावी. टेपचं टोक मात्र त्या सरळ चिकटवायच्या नाहीत. त्याचा एवढासा त्रिकोण दुमडायच्या, म्हणजे पुढे कुणाला सोडवायची झाली तर टोक शोधत बसायला नको. सुपरवायझर आधी कुरकुरला, मग त्याने नाद सोडला. नव्या पोरींनी तो त्रिकोण उचलला. ही सवय घरीही आली. टीव्हीची तार, छत्रीची मूठ, धम्मपालची शाळेतली फुटकी कंपासपेटी, सगळ्यांवर तो त्रिकोण होता. लहानपणी त्याला वाटायचं, टेप अशीच येते.

कंपनीची बस रोज मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवरून जायची. लांबलचक ट्रेलरवर नव्या गाड्या एकीवर एक चढवून निघालेल्या असायच्या. कुसुमताई खिडकीतून त्यांच्या मागच्या बाजू बघायच्या. त्यातल्या कुठल्या तरी गाडीत आपली शेपूट असणार. पण आत ती कशी पडली आहे, ताठ आहे की गुंडाळी झाली आहे, हे कळायला मार्ग नव्हता. खांदा धरू लागला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. तोवर ही गोष्ट विचारायचं राहूनच गेलं होतं. विचारणार तरी कुणाला?

धम्मपालची गाडी हिंजवडीच्या एका कंपनीला लागलेली होती. पहाटे माणसं उचलायची, आयटी पार्कात सोडायची, संध्याकाळी उलट. या रूटसाठी तो कासारवाडी सोडून मारुंजीत भाड्याने राहायला आला होता. आणि आता रूटच जायची वेळ आली होती. गाडीचे मागचे दिवे मधूनच बंद पडत. फ्यूज उडायचा. नवा घातला की काही दिवस सुरळीत, मग पुन्हा अंधार. एकदा गर्दीत मागच्या गाडीने अगदी टेकता टेकता ब्रेक मारला, आणि आतल्या एका बाईंनी ते वर कळवलं. कॅबचं काम बघणारे मुकुंद साहेब भल्या स्वभावाचे, पण यात सोडणारे नव्हते. शनिवारी गाडी तपासू, दिवे दगा देणारे निघाले तर रूट दुसऱ्याला, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. दुसरे रांगेत उभेच होते.

गल्लीतल्या गॅरेजवाल्या पिंटूने तोवर दोनदा गाडी बघितली होती. त्याच्या लक्षात एवढंच आलं होतं की फ्यूज बहुतेक सोमवारी उडतो. त्यावर तो म्हणाला होता, "भावा, तू सोमवार पाळत नाहीस, पण तुझी गाडी पाळते." मग त्याने एक फ्यूज बसवला आणि आता हा उडायचा नाही अशी खात्री दिली.

रविवारी सकाळी कुसुमताई मारुंजीला आल्या. धम्मपालने सहज विषय काढला होता, फोनवर, आणि त्या चष्मा, कात्री, वायरीचे तुकडे आणि टेपचं बंडल पिशवीत घालून निघाल्या होत्या. चहा नको म्हणाल्या. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीभोवती एक चक्कर मारली, नवी सून बघायला आल्यासारखी.

आधी त्यांनी दिवे बंद करून किल्ली काढायला लावली. मग बॉनेट उघडून बॅटरीची काळी तार सोडवायला सांगितली. लाल नव्हे, आधी काळी. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी फ्यूजचा डबा होता. झाकणाच्या आत चिमटा होता, तो त्यांना बरोबर सापडला. फळीवर हा डबाही त्यांच्यासमोरून जायचा. झाकणावरच्या खुणा बघून त्यांनी मागच्या दिव्यांचं घर शोधलं आणि तिथून फ्यूज उपटला. तो हिरवा होता.

"आरं, लालच्या घरात हिरवा?" त्या म्हणाल्या. "लाल दहा अँपचा, ह्यो तिसाचा. कुणी घातला?"

धम्मपालने पिंटूचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला की हा उडत तरी नाही.

"न्हाईच उडायचा. वायर जळंल, पर ह्यो न्हाई उडायचा." त्यांनी रिकाम्या घराला नाक लावलं. "फ्यूज म्हंजी मुद्दाम कच्ची ठेवलेली जागा, धम्मा. ती पक्की केलीस की कच्ची जागा दुसरीकडं जाती. कुठं गेली ते धूर आल्यावर कळतं."

धम्मपाल त्या हिरव्या तुकड्याकडे बघत राहिला. रोज पहाटे चार माणसं घेऊन तो याच्या भरवशावर पळाला होता.

मग बल्बची पाळी आली. दिवे थंड आहेत ना, हे त्यांनी आधी हाताने पाहिलं. मागचे बल्ब दाबून, फिरवून काढले, एकेक उजेडात धरला; आतली तार शाबूत होती. पुढच्या मोठ्या दिव्याला मात्र त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. त्याचा बल्ब कधी बदलावा लागला तर फडक्यात धरायचा; काचेला बोटाचं तेल लागलं की ती तिथेच तापून फुटते, म्हणाल्या. बल्ब बरे, बल्बची घरं बरी, गंज नाही. मग राहिलं काय, असं धम्मपालने विचारलं. वायरीत दोष असेल का?

कुसुमताई एकदम ताठ झाल्या. वायर जाणार नाही, म्हणाल्या. फळीवरून उतरली की प्रत्येक वायर मशीनला लावून बघतात. हिरवा दिवा लागल्याशिवाय खोक्यात जात नाही. वायर तिच्या जागी पडून असते. पडून राहिलेल्या वस्तूला काय होणार? दोष ड्रायव्हरचा असेल, गॅरेजवाल्याचा असेल. बराच वेळ त्या वायरीची बाजू घेत राहिल्या, जणू कुणी घरातल्या लेकीवर आळ घेतला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "सोमवारी तू येगळं काय करतोस?"

वेगळं काहीच नाही, धम्मपाल म्हणाला. तीच माणसं, तोच रस्ता. फक्त सोमवारी पहाटे दोघंतिघं गावाकडून परस्पर येतात. वाकडच्या पुलाखाली बसमधून उतरतात, तिथूनच तो त्यांना घेतो. आईने दिलेल्या पिशव्या असतात, तांदूळ, शेंगा, बॅगा. त्या डिकीत टाकायच्या. बाकी दिवशी लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर असतात, डिकी उघडतच नाही.

बोलता बोलता तो थांबला. पहाटे. दिवे चालू. डिकी उघडली.

कुसुमताई गाडीच्या मागे गेल्या. डिकीचं झाकण वर उचललं. खाली केलं. पुन्हा उचललं. बिजागरीपाशी एक काळी रबरी नळी गाडीच्या अंगातून निघून झाकणात शिरत होती. झाकण वर गेलं की ती कोपरासारखी मुडपायची, खाली आलं की सरळ व्हायची. त्या वाकून बघत होत्या. झाकण वर, खाली, वर.

"हे वाकतं व्हय?" त्या हळूच म्हणाल्या.

फळीवर काही वाकत नसे. फळीवर शेपूट सरळ रेषेत, खुंटीपासून खुंटीपर्यंत. गाडीत गेल्यावर ती रोज उठते-बसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि नकाशावर त्या तेवढ्याच जागी टेप तुटक का दाखवलेली असते, याचाही त्यांनी कधी विचार केला नव्हता. तुटक टेप त्यांना उघड्या अंगासारखी वाटायची. त्या ती भरून टाकायच्या.

धम्मपालने नळीचं टोक सोडवून ती मागे सरकवली. आत काळा, गुळगुळीत दांडा होता. एक सुरकुती नाही. मधोमध, जिथे बाक पडायचा तिथे, तो मोडल्यासारखा झाला होता. चिरलेल्या टेपमधून दोन वायरींचं तांबं डोकावत होतं. झाकण उचललं की दोन्ही एकमेकींना टेकत होत्या; दिवे चालू असले की फ्यूज उडणारच. आणि दांड्याच्या शेवटी, टेपच्या टोकाला, एवढासा त्रिकोण दुमडलेला होता.

धम्मपालला कंपासपेटी आठवली. त्रिकोण मावशीच्या हातचा असेल, नाहीतर त्यांच्याकडून शिकलेल्या एखाद्या पोरीचा असेल. गाडीचं वय बघता दोन्ही शक्य होतं. कुसुमताई डिकीच्या काठावर टेकल्या. त्यांनी अंगठ्याने त्रिकोण चाचपला, मग नखाने उचलला. टोक लगेच सापडलं. टेप सरसर सुटत आली.

पुढचं काम त्यांनी मान वर न करता केलं. चिरलेला भाग कापला, तेवढ्याच जाडीच्या वायरीचे थोडे लांब तुकडे मधे जोडले, जोड वेगवेगळे झाकले आणि ते बाकापासून दूर ठेवले. बाकाची जागा सैल सोडली. टेप फक्त दोन्ही टोकांना गुंडाळली, मधे उघडं ठेवलं. टोक सरळ चिकटवलं. नळी पुन्हा चढवली, धम्मपालकडचा शिल्लक लाल फ्यूज बसवला, काळी तार जोडली. दिवे लागले. मग झाकण वर, खाली, वर, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा. दिवे लागलेलेच राहिले.

शनिवारी संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, आपल्याला तपासणी बघायची आहे म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर बसून हिंजवडीला गेल्या. आवारात मुकुंद साहेबांनी एकेक दिवा बघितला. सोमवारची गोष्ट धम्मपालने सांगितल्यावर त्यांनी स्वतः डिकी उघडझाप केली, नळी सरकवून आत बॅटरीचा झोत टाकला, आणि सुटे तुकडे कौतुकाने पाहिले. आधीची टेप कशी होती ते विचारलं. धम्मपालला खोटं सुचलं नाही; घट्ट होती, म्हणाला.

"मग बरोबर आहे. गाडी पास," साहेब म्हणाले. "पण पहिल्यांदा हे ज्यानं गुंडाळलं ना, त्याला एकदा इथं आणून दाखवायला पाहिजे, राव."

धम्मपालने मागे पाहिलं. कुसुमताई दार उघडून खाली उतरल्या होत्या. पदर खांद्यावर ओढून त्या फाटकाकडे निघाल्या, बाहेर गेल्या. रस्ता गाड्यांनी तुंबला होता आणि पुलापर्यंत लाल दिवेच दिवे होते. त्या कडेने चालत राहिल्या, प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूपाशी क्षणभर थबकत, डिकीच्या बिजागरीकडे बघत.