बूट घालून कापसावर

लेकीच्या उन्हाळी शिबिराचा कागद आला. भेटायला येणाऱ्या पालकांनी कोणाच्या घरी उतरावं, काय खावं, जवळपास काय पाहावं, सगळं छापलेलं. वाचता वाचता माझं डोकंच सणकलं. मी लहान असताना घाटंजीजवळच्या आमच्या गावात शहरातल्या मुलांचं असंच शिबिर भरलं होतं आणि त्या कागदावर उतरायला आमचं घर होतं. कापसाला भाव नव्हता, म्हणून मे महिन्यातही समोरची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली, घरभर सरकीचा वास. उरलेली खोली बाबांनी पाहुण्यांना दिली, आम्ही अंगणात झोपलो. सकाळी आईने शेणाचा सडा टाकला. पाहुण्यांसोबत आलेला त्यांचा धाकटा मुलगा तो तुडवत, बुटांसकट कापसाच्या ढिगावर चढला. आमच्याकडे चुकून कापसाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात. त्याचे वडील कॅमेरा रोखून म्हणाले, "मस्त! अजून एक उडी मार!" मी ओरडले, "बूट काढ बे आधी!" बाबांनी माझ्याच कानाखाली वाजवली. "पाव्हण्याच्या लेकराले असं बोलते काय?" पाहुणे शिबिराकडे गेल्यावर बाबा शेणाने माखलेला कापूस एकेक पुंजका करून निवडत बसले. मला म्हणाले, "ये, हात लाव." मी गेले नाही. आता बाबाही नाहीत, पण त्या थापडीचा राग आहे. लेकीला भेटायला जाईन, पण कागदावरच्या कुणाच्याही घरी उतरणार नाही. बसस्टँडवर डबा उघडीन.