कपाशीत बसलेलं गिधाड

परवा रविवारी बेला गावाजवळच्या एका शिवारात मी चांगलाच तोंडघशी पडलो. सांगायला लाज वाटते, पण सांगतोच...

मी शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणारा माणूस. आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा लोक विचारत होते, आता आपलं ऑफिस कुठलं? मी मात्र पक्ष्यांची यादी घेऊन बसलो होतो... कुठला पक्षी कुणाच्या वाट्याला गेला ते बघत! गिधाडांची घरटी असलेला कडा आसिफाबादकडे गेला. आमच्या उरलेल्या आदिलाबादच्या यादीतून गिधाड खोडावं लागलं, आणि ते मला फार लागलं.

तर रविवारी नामदेवकाकांच्या शेताजवळ बाइक थांबवली. कमरेएवढी कपाशी, आणि तिच्यावर एक काळी पाठ... मान खांद्यात घालून बसलेली. मानेभोवती पांढऱ्या लोकरीसारखी झालर.

पक्षी पाठमोरा. डोकं नीट दिसेना, पाय तर कपाशीतच. एरवी मी मुलांना सांगतो, अर्धा पक्षी बघून नाव घेऊ नका. पण मला गिधाडच हवं होतं ना... मग ते गिधाडच झालं.

त्याच शेताच्या बांधावर काकांचा बैल गेला होता. पहाटेच प्राण सोडला. बाभळीजवळ खड्डा खणून झालेला, काकी हळद-कुंकू घेऊन आलेल्या.

मी धावतच गेलो. काका, पुरू नका, गिधाड आलंय, दोन दिवस उघड्यावर राहू द्या म्हणालो. घरच्या बैलाबद्दल असं कुणाला सांगायचं असतं का? पण मी सांगितलं.

काकांनी बैलाच्या शिंगावर हात ठेवला. "माह्या बापाच्या टायमाले लई यायची गिधाडं. तुमी शिकलेले मानसं, सर... तुमी म्हनता तं राहू द्या," एवढंच म्हणाले. काकींनी कुंकवाची पुडी मिटली आणि तोंड फिरवलं.

मी पुन्हा दुर्बीण लावली. पक्ष्याने मान वर केली... आणि ती वर होतच राहिली. लांब मान, लांब चोच. मग तो चालत दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आला आणि खाली लालसर, उंच काटकुळे पाय दिसले.

कांडेसर! करकोच्याच्या जातीतला. बिचारा किडे टिपत होता, त्याला बैलाशी काही देणंघेणं नव्हतं.

काकांपुढे जाऊन कबूल केलं. वाटलं, आता चांगले खडसावतील. पण काकीच बोलल्या, "बरं झालं सर, आता माती तं देता येईल. लई तळमळला जी तो. तीन दिस दुखन्याचं इंजेक्शन देऊन राह्यलो होतो, तरी उठला नाही."



दुखण्याची अशीच इंजेक्शनं दिलेली जनावरं खाऊन देशभरातली गिधाडं संपली. वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलंय मी हे. आणि इथे बैलाला काय दिलं होतं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पक्ष्याचं नाव घ्यायची घाई होती ना...

काकींनी पुन्हा पुडी उघडली. बैलाच्या कपाळाला कुंकू लागलं, मग सगळ्यांनी माती लोटली, मीही लोटली. जाताना काकांनी पाणी विचारलं, तेव्हा मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

दोन दिवस झाले, तेच मनात घोळतंय. त्या दिवशी माझं म्हणणं खरं ठरलं असतं, तर जिल्ह्यातलं एकुलतं एक गिधाड मीच जेवायला बसवून मारलं असतं.