दहा टक्क्यांचं वर्षासन

आमचे पूर्वज इंदूरच्या दरबारात कारकून होते. दरबार गेला, पण घरातल्या पुरुषांची वाकलेली मान काही सरळ झाली नाही. माझ्या बाबांची तर वर्षातून एकदा फारच वाकायची.

बाबांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना होता. एका मोठ्या कंपनीने त्यातले नव्वद टक्के विकत घेतले, दहा बाबांकडे राहिले. कारखाना त्यांची उपकंपनी झाला आणि दरवर्षी बाबांच्या खात्यात लाभांश येऊ लागला. बाबांनी त्याला दरबाराच्या मर्जीने मिळायचं तसं वर्षासन ठरवून टाकलं. पैसे आले की इस्त्रीचा कोट घालून, राजवाड्याहून किलोभर मावाबाटी घेऊन ते कंपनीच्या तुकोगंजातल्या ऑफिसात आभार मानायला जात. तिथले अकाउंटवाले मावाबाटी खात आणि म्हणत, "बाबूजी, आप जैसे लोग अब कहाँ!" खरंच होतं. मिठाई घेऊन येणारा भागीदार दुसरा कुठे मिळणार?

मी एका सीएकडे नोकरी करते. हा किस्सा मी तिथे इतका रंगवून सांगायची की लोक फर्माईश करू लागले होते.

यंदा कंपनीचं पत्र आलं: उरलेले दहा टक्केही आम्हाला विका. किंमत वाचून माझं डोकंच फिरलं. एवढे पैसे तर बाबांना दोन-तीन वर्षांच्या लाभांशात मिळत. बाबा मात्र पेन उघडून सही करायला बसलेले.

"बाबा, थांबा!"

"अगं, हर साल याद ठेवून पाठवतात बिचारे. त्यांना ना कसं म्हणू?"

मी मोबाइलवर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. रोख रक्कम कुठून आली, कुठे गेली, त्या पानावर एक ओळ होती: उपकंपन्यांच्या अल्पांश भागधारकांना दिलेला लाभांश.

"हे तुम्ही," मी म्हटलं. "कारखाना लाभांश वाटतो. रुपयातले नव्वद पैसे कंपनीला जातात, ते इथे दिसतच नाहीत. तुमच्या खिशातले पैसे आईच्या डब्यात गेले तर घरातून काही गेलं का? पण पेपरवाल्याला दिले की गेले. तसे तुमचे दहा पैसे त्यांच्या घराबाहेर जातात, म्हणून लिहावे लागतात."

"म्हणजे मी पेपरवाला?"

"अहो, मालक! दहा टक्के का होईना, पण मालक. यात कोणाची मेहरबानी नाही."

बाबांनी पेनला टोपण लावलं.

"मधे एका वर्षी पैसे आलेच नव्हते," ते म्हणाले. "मला विचारता आलं असतं?"

"हक्काने."

"मला वाटलं, त्यांची मर्जी. म्हणून तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं." आई ऑपरेशनला घाबरते, असं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं. "तुला हे सगळं कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

ऑफिसात रंगवून सांगितलेला किस्सा मला आठवला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाबांनी सही न करताच पत्र पाकिटात घातलं. माझ्यावर रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "वर्षभर भिंत धरून चालत होती गं ती."