रानातला शेजार

मी आणि माझी मैत्रीण पहिल्यांदाच तंबू घेऊन डोळखांबच्या रानात मुक्कामाला गेलो. ओढ्याकाठची एक सपाट जागा आम्हांला आवडली, पण मन धजेना. जवळच नाचणीचं शेत राखणारी एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

"भ्या वाटतो?"

"वाटते," मी कबूल केलं.

"मंग माज्या झोपडीजवल या. रानात जागा नाय बगायची गो, शेजार बगायचा."

तिनं स्वतःच्या अंगणातले दगड वेचले, जमीन झाडली, खुंट्यासुद्धा ठोकल्या. आसपास दुसरं घर नव्हतं. एवढ्या रानात ही एकटीच राहते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"आजी, तुम्हांला कोणाचा शेजार?"

ती खळखळून हसली. "आज तुमी हाव ना!"